कोळशाने दिलेली मुदत

२०२२ च्या जानेवारीअखेरीस हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरच्या एका ओढ्यात रोज कमाल पाच दशलक्ष गॅलन, म्हणजे जवळजवळ एक कोटी ९० लाख लिटर पाणी सोडायला सुरुवात झाली. ओढ्याचे नाव हालावा. तो पुढे पर्ल हार्बरला जाऊन मिळतो. हे पाणी कारखान्याचे नव्हते, गटाराचेही नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी ते अमेरिकी नौदलाच्या वसाहतींमध्ये नळाने येत होते. लोक ते पीत होते, त्यात स्वयंपाक करत होते, लहान मुलांना त्यात आंघोळ घालत होते. आता ते डोंगराच्या पोटातून उपसायचे, दाणेदार सक्रिय कार्बन भरलेल्या पोलादी पात्रांतून गाळायचे, तपासायचे आणि ओढ्यात सोडून द्यायचे, असा क्रम लागला होता. पाण्यात विमानाचे इंधन मिसळले होते. गाळून निघालेले पाणी ओढ्यात सोडण्याइतके स्वच्छ होते, म्हणजे यंत्रणा चांगले काम करत होती. याच यशाचा अर्थ नीट लावायला हवा, कारण इंधनाने नासलेल्या भूजलाचा विषय निघाला की कुठेही, कोणत्याही देशात, ‘कार्बन फिल्टर बसवू’ हे उत्तर सर्वांत आधी येते आणि त्या उत्तराने चर्चा संपते. माझे म्हणणे असे आहे की चर्चा खरी तिथून सुरू व्हायला हवी. कार्बन पाणी साफ करतो, यात शंका नाही. पण तो प्रत्यक्षात आपल्याला देतो ती मुदत असते. त्याचा थर भरेपर्यंतची मुदत, दूषण पुढे सरकू नये म्हणून धरून ठेवल्याची मुदत. त्या मुदतीत गळतीच्या मुळाशी काय केले, यावरच त्या कार्बनची किंमत ठरते.

हे इंधन जिथून गळले त्या रेड हिल डोंगराची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी. या डोंगराचे मूळ हवाई नाव कापूकाकी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४३ या वर्षांत, अमेरिकी नौदलाने हा डोंगर आतून पोखरून इंधनाच्या वीस टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच आणि १०० फूट रुंद. आत कुतुबमिनार उभा केला तरी वर थोडी जागा उरेल एवढी. आतून पाव इंची पोलादी पत्र्याचे अस्तर आणि त्यामागे काँक्रीट. एका टाकीची क्षमता सव्वा कोटी गॅलन, विसांची मिळून २५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ९५ कोटी लिटर. बॉम्बहल्ल्यापासून इंधन सुरक्षित राहावे हा हेतू होता आणि त्या हेतूने पाहिले तर बांधकाम अजोडच म्हणावे लागेल. मात्र या टाक्यांच्या तळाखाली साधारण शंभर फुटांवर ओआहूच्या दक्षिण भागाचा मुख्य जलधर आहे. बेटावरचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगते. ते नासले तर शेजारच्या जिल्ह्यातून पाणी आणण्याची सोय नसते, कारण शेजारी समुद्रच असतो. होनोलुलू शहर याच पाण्यावर जगते. डोंगराच्या पायथ्याशी नौदलाने पाण्यासाठी खणलेले स्वतःचे भुयार आहे, रेड हिल शाफ्ट. थोड्याच अंतरावर शहराच्या पाणीपुरवठा मंडळाचा हालावा शाफ्ट आहे. वर इंधन, खाली पाणी आणि मध्ये शंभर फूट कातळ, अशी ही रचना ऐंशी वर्षे चालली.

१९४० च्या दशकातला पत्रा गंजणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०१४ च्या जानेवारीत पाच नंबरच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटर इंधन गळले. तेही ती टाकी दुरुस्त करून पुन्हा भरल्यानंतर. दुरुस्ती करताना तपासणीसाठी पाडलेली भोके नीट बुजवली गेली नव्हती. २०१५ मध्ये नौदल, संघराज्याची पर्यावरण संस्था आणि हवाईचे आरोग्य खाते यांच्यात सुधारणांचा करार झाला. २०१८ मध्ये नौदलानेच नेमलेल्या सल्लागारांनी हिशेब मांडला की एक हजार ते तीस हजार गॅलनांची अचानक गळती होण्याची शक्यता दरवर्षी २७.६ टक्के आहे. म्हणजे साधारण चार वर्षांतून एकदा. पुढचा अपघात जवळजवळ त्याच बेताने आला. ६ मे २०२१ रोजी झडपा उघडण्याचा क्रम चुकला, नळीत दाब उसळला, सांधे तुटले आणि सुमारे वीस हजार गॅलन इंधन बोगद्यात सांडले. सुरुवातीला सांगितलेला आकडा होता १,६१८ गॅलन. बाकीचे बहुतेक इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेचे पाणी वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपात ओढले गेले आणि सहा महिने तिथेच पडून राहिले. टाकीतली पातळी आणि कागदावरचा आकडा जुळत नव्हता. त्या फरकाचा छडा कोणी शेवटपर्यंत लावला नाही. आतल्या इंधनाच्या वजनाने पाइप लोंबकळला होता. २० नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी बोगद्यातल्या छोट्या रेल्वेगाडीचा त्या पाइपाच्या झडपेला धक्का लागला, झडप तुटली आणि इंधन बाहेर उसळले. त्यातले काही भूजलाच्या निचऱ्याच्या वाटेने थेट रेड हिल शाफ्टमध्ये पोहोचले. आठवड्याभरात नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. नौदलाच्या पाणीयोजनेवर तेव्हा सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. हजारो कुटुंबांना घर सोडून हॉटेलांत राहावे लागले. डोकेदुखी, उलट्या, अंगावर पुरळ, अशा तक्रारी दवाखान्यांत नोंदल्या गेल्या. २ डिसेंबरला होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने आपला हालावा शाफ्ट बंद केला. त्याच्या पाण्यात इंधन सापडले नव्हते. पण जलधर एकच आहे, आणि आपण उपसा चालू ठेवला तर शेजारचे इंधन आपल्याकडे ओढले जाईल, हा मंडळाचा हिशेब होता. तो हिशेब योग्य होता.

इथे कार्बनकडे वळू. कोळशाने वास आणि रंग जातो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. द्रावणाचा रंग कोळसा शोषून घेतो, हे टोबियास लोविट्झ या रसायनतज्ज्ञाने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रयोगांती दाखवले. आजचा सक्रिय कार्बन दगडी कोळशापासून, लाकडापासून किंवा नारळाच्या करवंटीपासून करतात. आधी हवेशिवाय जाळून कोळसा करायचा, मग आठशे-हजार अंश सेल्सियसला त्यावर वाफ सोडायची. वाफ कोळशाचा थोडा भाग खाते आणि मागे सूक्ष्म छिद्रांचे जाळे ठेवते. या जाळ्याचे क्षेत्रफळ डोळ्यांपुढे आणायचे तर आपल्याकडच्या जमिनीच्या मापाने आणावे. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कार्बनच्या आत सुमारे एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे दहा गुंठे. चिमूटभर काळ्या दाण्यांच्या पोटात दहा गुंठ्यांचे रान घडी घालून ठेवले आहे, असे समजा. इंधनाचे रेणू पाण्यात नाखुशीनेच राहतात; पाण्याशी त्यांचे जमत नाही. कार्बनचा पृष्ठभाग समोर आला की ते पाणी सोडून त्याला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो तसे हे नाही. रेणू आत मुरत नाही, भिंतीला धरून बसतो. रेणू जितका मोठा आणि पाण्यात विरघळायला जितका नाखूश, तितकी ही पकड घट्ट. रॉकेलच्या जातीच्या इंधनाचे घटक या कसोटीला चांगले उतरतात. रेड हिलमध्ये सांडलेले जेपी-५ हे इंधन रॉकेलच्याच कुळातले आहे. ते विमानवाहू जहाजांवर वापरतात. आग लवकर लागू नये म्हणून त्यात हलके, चटकन पेटणारे घटक कमी ठेवलेले असतात. त्यामुळे ते कार्बनवर धरले जाणार हे अपेक्षितच होते.

प्रत्येक भिंतीची जागा मात्र कधीतरी संपते. पाणी वरून आत येते तेव्हा वरचे दाणे आधी भरतात. खालचे कोरे असतात. भरलेल्या आणि कोऱ्या भागांच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे खरे काम चालू असते. हा पट्टा दिवसागणिक खाली सरकतो. तो तळाला टेकेपर्यंत बाहेर येणारे पाणी स्वच्छ असते, अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत. मग इंधनाचा अंश बाहेर दिसू लागतो आणि आकडा चढत जातो. बाहेरच्या नळाशी उभ्या असलेल्या माणसाला थर निम्मा भरलाय की नव्वद टक्के, हे पाण्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून नीट चालवलेल्या संयंत्रात दोन पात्रे एकामागोमाग जोडतात. पहिले काम करते, दुसरे पहारा देते, आणि दोघांच्या मध्ये एक लहान तोटी असते. या तोटीचे नमुने ठरलेल्या दिवशी घेणे, त्यात अंश दिसला की पहिल्या पात्रातला कार्बन बदलणे, मग पहारेकऱ्याला पहिल्या जागी आणणे, एवढ्यावर सगळ्या यंत्रणेचा भरवसा उभा असतो. कार्बनची जात, पात्राची उंची, कंपनीचे नाव, सगळे त्यानंतर. नमुना न घेता चालणारे कार्बन संयंत्र म्हणजे पट्टा कुठवर आलाय हे न पाहता चाललेली मुदत. आणि भरलेला कार्बन टाकून देण्याजोगा कचरा नसतो. त्यात इंधन आहे. तो भट्टीत तापवून पुन्हा सक्रिय करावा लागतो, त्यात थोडा कार्बन जळून जातो, आणि निघालेली वाफ जाळून टाकावी लागते. इंधन नाहीसे होत नाही. त्याची जागा बदलते आणि शेवटी ते जाळूनच संपते.

आकडे मांडून पाहू. पाण्याला कार्बनच्या थरात किमान दहा मिनिटे तरी राहू द्यावे असा सर्वसाधारण प्रघात आहे. पुष्कळदा वीस मिनिटेही देतात. दिवसाला पाच दशलक्ष गॅलन म्हणजे मिनिटाला तेरा हजार लिटरांहून जास्त. दहा मिनिटे धरली तरी सुमारे १३० घनमीटर, वजनाने ६० टनांच्या आसपास कार्बन एका वेळी पात्रांत हवा. हे जमण्याजोगे आहे, नौदलाने ते जमवलेही. आता दुसरा हिशेब. रॉकेलच्या जातीचे इंधन एका लिटर पाण्यात साधारण पाच मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळते. एक लिटर इंधनाचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. म्हणजे खडकात अडकलेले एक लिटर इंधन निव्वळ विरघळवून बाहेर काढायचे तर किमान एक लाख ६० हजार लिटर पाणी त्यावरून जावे लागेल, आणि तेही प्रत्येक थेंब पूर्ण भरून बाहेर पडला तर. प्रत्यक्षात तसे होत नाही. बहुतेक पाणी इंधनाला स्पर्श न करताच निघून जाते. इंधन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्याच्या पातळीवर तरंगते, पातळी वर-खाली झाली की खडकाला माखत जाते आणि भेगांत अडकून बसते. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला रेड हिल शाफ्टमधून घेतलेल्या नमुन्यात डिझेलच्या पट्ट्यातले हायड्रोकार्बन एक अब्ज भागांत एक लाख ४० हजार भाग सापडले. हवाईच्या आरोग्य खात्याने ठरवलेल्या ४०० भागांच्या पातळीच्या हे प्रमाण ३५० पट होते. लिटरमागे हे १४० मिलिग्रॅम होतात. विरघळण्याची मर्यादा पाचच्या आसपास असेल तर ही संख्या एकच गोष्ट सांगते: त्या पाण्यात न विरघळलेले, मोकळे इंधनच होते. अशा पाण्यासाठी कार्बन कामाचा नाही. तेलाने दाण्यांची तोंडे बुजतात आणि थर वाया जातो. म्हणूनच आधी पाणबुडे उतरवून वर तरंगणारे इंधन काढावे लागले, शोषक वापरावे लागले, आणि मग पाणी कार्बनपर्यंत गेले. मोठा वाटा हाताने काढायचा आणि उरलासुरला कार्बनवर सोपवायचा, हा क्रम चुकला तर साठ टनांचाही उपयोग नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. २०२२ च्या मार्चमध्ये होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने नागरिकांना पाणीवापर दहा टक्के कमी करण्याची विनंती केली, कारण हालावा शाफ्ट बंद होता. त्याच वेळी शेजारी रोज कोट्यवधी लिटर पाणी ओढ्याला सोडले जात होते. हवाईच्या कायद्यात पाणी हे जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव मानले आहे. मूळ हवाई रहिवाशांच्या मनात तर पाण्याचे स्थान त्याहून खोल आहे. त्यांना ही नासाडी सहन झाली नाही. स्वच्छ होते, तर लोकांना का दिले नाही? आणि द्यायचे नव्हते, तर उपसले का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भूजलाच्या वागण्यात आहे. शाफ्टमधून पाणी उपसत राहिले की त्याच्याभोवती पाण्याच्या पातळीत खळगा तयार होतो आणि आसपासचे पाणी त्या खळग्याकडे वाहू लागते. उपसा थांबवला की इंधनाचा अंश पाण्याच्या नैसर्गिक ओघाबरोबर, म्हणजे शहराच्या विहिरींकडेही, सरकू शकतो. उपसा हा इथे लगाम होता. पाणी काढायचे ते पाण्यासाठी नव्हे, तर दूषणाला जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी. कार्बनने त्या लगामाला परवानगी मिळवून दिली, कारण न गाळता ते पाणी ओढ्यात सोडताच आले नसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. ओढ्यात सोडण्याइतके स्वच्छ आणि बाळाच्या दुधात मिसळण्याइतके स्वच्छ यांत अंतर आहे, आणि ते फक्त आकड्यांचे नाही. सहा महिने वीस हजार गॅलनांचा हिशेब न लागलेल्या यंत्रणेने ‘आता स्वच्छ आहे’ म्हटल्यावर आईने ते पाणी मुलाला पाजावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? १८ मार्च २०२२ पर्यंत सर्व विभागांतल्या घरांचे पाणी पिण्यायोग्य जाहीर झाले. त्यानंतरही वासाच्या आणि पाण्यावर तवंग दिसल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. कार्बनची पात्रे विमानाने आणता येतात. विश्वासाला तशी वाट नाही.

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. जमिनीतले सूक्ष्मजीव इंधन खातात. पुरेसा वेळ दिला तर निसर्ग आपणच साफ करतो, मग एवढा उपसा, कार्बन आणि खर्च कशाला? या म्हणण्याला भक्कम आधार होता. १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या पेट्रोलच्या गळक्या भूमिगत टाक्यांचा अभ्यास केला. पेट्रोलमधल्या बेंझिन या घटकाचे दूषण बहुतेक ठिकाणी गळतीपासून २५० फुटांच्या आत थांबते, असे त्यात दिसले. बऱ्याच जागी सूक्ष्मजीवांवर काम सोपवावे अशी शिफारस झाली. निष्कर्ष खोटा नव्हता. पण तो बेंझिनचा होता, आणि तोवर पेट्रोल बदलले होते. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे रसायन घालत होते. ते पाण्यात सहज विरघळते, सूक्ष्मजीवांना रुचत नाही आणि पाण्याबरोबर दूरवर जाते. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला या रसायनामुळे चार्नॉक भागातल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा गेला. बाहेरून पाणी विकत घेत, तेल कंपन्यांशी भांडत, त्या विहिरींचे पाणी पुन्हा नळांत यायला २०१० साल उजाडले. तिथे उपाय म्हणून बसवला तो कार्बनच, आणि इथेच त्याची खरी परीक्षा झाली. एमटीबीई कार्बनला नीट चिकटत नाही, पाण्यातच रमते. त्यामुळे थर लवकर भरतो आणि कार्बन वारंवार बदलावा लागतो. तोच कार्बन, तेच पात्र, तीच दहा मिनिटे. मुदत मात्र कितीतरी लहान. ‘कार्बन इंधन काढतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. कोणते इंधन, त्यात काय मिसळले आहे, हे आधी विचारायला हवे.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा नाही. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला, आणि त्या इथेनॉलमध्ये राज्यातल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते, कार्बन त्याला जवळजवळ धरतच नाही. इथेनॉल स्वतः लवकर कुजते, तेवढ्यापुरती काळजी कमी. पण सूक्ष्मजीव आधी या सोप्या घासावर तुटून पडतात, जमिनीतला प्राणवायू त्यात खर्च होतो आणि बेंझिन मागे उरते. परिणामी बेंझिनचे दूषण एरवीपेक्षा लांब जाऊ शकते. अमेरिकेत इथेनॉल-मिश्रित पेट्रोलच्या अभ्यासातून हे पुढे आले आहे. इथेनॉल नको, असा याचा अर्थ नाही. एका इंधनावर बेतलेले अंतराचे आणि मुदतीचे आडाखे दुसऱ्याला लावू नयेत, इतकेच. खडकाच्या बाबतीतही हा प्रश्न जवळचाच आहे. राज्याच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बसाल्ट आहे, आणि ओआहू बेटही बसाल्टचेच आहे. दोन्हीकडे लाव्हाचे थर एकावर एक साचले. दोन्हीकडे पाणी राहते ते थरांच्या सांध्यांत, भेगांत आणि पोकळ्यांत. हवाईचा खडक तरुण, पाणी त्यातून भराभर धावते. दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांहून जुना, त्यातल्या बऱ्याच पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या, पाणी संथ. परंतु भेगांच्या खडकात इंधन कोणत्या वाटेने गेले हे ओळखणे दोन्हीकडे सारखेच अवघड. वाळूत दूषण पसरते तसे ते इथे पसरत नाही. शेजारची विहीर स्वच्छ राहते आणि भेगेच्या वाटेवरची, दूरची विहीर नासते. अशा ठिकाणी विहिरीच्या तोंडावर कार्बनचे पात्र बसवले तर त्या विहिरीपुरते पाणी साफ होईल. भेग कुठून आली, हे ते पात्र सांगणार नाही.

घरच्या शुद्धीकरण यंत्रातही कार्बन असतोच, मग काळजी कशाची, असे अनेकांना वाटते. घरच्या कार्ट्रिजमधून पाणी काही सेकंदांत निघून जाते. ते बसवलेले असते क्लोरीनची चव आणि थोडाफार वास घालवायला. त्याला मधली तोटी नसते, नमुना कोणी घेत नाही, बदलण्याची तारीख दिनदर्शिकेवर ठरते. रॉकेलचा वास माणसाच्या नाकाला अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हे खरे तर निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. कार्ट्रिज आधी तो वास घालवते. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येत असेल तर ते पाणी पिणे थांबवून तपासायला पाठवावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. हा आकडा प्रयोगशाळेतच कळतो, नाकाला कळत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप रेड हिल चालू ठेवावे म्हणणाऱ्यांचा होता. पॅसिफिकमध्ये इंधनाचा साठा राष्ट्रीय सुरक्षेसाठी लागतो. गळती थोपवण्याचे उपाय करू, पाण्यावर कार्बन बसवू, तपासण्या वाढवू, पण टाक्या राहू द्या. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. युद्धाच्या काळात इंधनाविना नौदल पांगळे होते, हे ज्यांनी पर्ल हार्बरवरचा हल्ला पाहिला त्यांना कोणी शिकवायला नको. प्रश्न होता मुदतीचा. २०१४ ची गळती ही पहिली मुदत होती. २०१५ चा करार ही दुसरी. २०१८ चा २७.६ टक्क्यांचा आकडा ही तिसरी, आणि ६ मे २०२१ नंतर लोंबकळत्या पाइपात इंधन पडून असलेले सहा महिने ही चौथी. दरवेळी उत्तर एकच होते: आणखी तपासणी, आणखी सुधारणा, आणखी निरीक्षण विहिरी. यातले काहीच चुकीचे नाही. फक्त या प्रत्येक उपायात इंधन पाण्याच्या डोक्यावरच राहणार होते. कार्बनवर भरवसा ठेवून साठा ठेवला असता तर एका अर्थाने संपूर्ण जलधरालाच पहारेकरी पात्र बनवले असते, आणि त्या पात्रातला कार्बन बदलण्याची सोय कुठेही नाही. पाणीपुरवठा मंडळाचे प्रमुख अभियंता अर्नेस्ट लाऊ हे अपघाताच्या कितीतरी आधीपासून टाक्या तिथून हलवा म्हणत होते. एका अभियंत्याने जाहीर सभांमध्ये उभे राहून, नौदलासारख्या संस्थेसमोर, पाण्याच्या बाजूने बोलत राहावे, याचे मोल मला कोणत्याही संयंत्रापेक्षा जास्त वाटते. पुराव्यानेही त्यांचीच बाजू खरी ठरवली.

७ मार्च २०२२ रोजी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी रेड हिल कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. टाक्या रिकाम्या करणे हेही सोपे नव्हते. ज्या नळ्यांनी गळती झाली त्याच नळ्यांतून इंधन खाली उतरवायचे होते, म्हणून आधी त्यांची दुरुस्ती करावी लागली. दरम्यान २९ नोव्हेंबर २०२२ रोजी आग विझवण्याच्या फेसाचे सुमारे १,३०० गॅलन संहत द्रावण त्याच आवारात सांडले. त्या फेसात पीएफएएस ही, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायने असतात. त्यांच्यावरही कार्बनच वापरतात. लांब साखळीची रसायने तो चांगली धरतो, आखूड साखळीची लवकर निसटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंधन उतरवायला सुरुवात झाली आणि मार्च २०२४ पर्यंत १०.४ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३९ कोटी लिटर इंधन जहाजांवर चढवून हलवण्यात आले. त्याआधी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच, होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने नौदलाकडे सुमारे १.२ अब्ज डॉलरच्या भरपाईचा दावा दाखल केला होता. त्यात नव्या विहिरी, पाणी शुद्ध करण्याची सोय आणि बंद पडलेल्या स्रोतांना पर्याय असा खर्च धरलेला आहे. टाक्या रिकाम्या झाल्या तेव्हाही हालावा शाफ्ट बंदच होता. डोंगराच्या कातळात निरीक्षण विहिरी खणल्या जात होत्या. त्यांतून काढलेले पाणी लहान बाटल्यांत भरायचे, बाटलीवर विहिरीचा क्रमांक आणि तारीख लिहायची, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि आलेला आकडा मागच्या आकड्याशेजारी मांडायचा, हे काम टाक्या रिकाम्या झाल्यानंतरही तसेच चालू आहे.